पुकाऱ्याचं मेज

जकातवाल्याला सणासुदीला कोणी आपणहून बोलावत नाही, असा माझा जन्माचा अनुभव. त्यामुळे दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, कुठल्या तरी जुन्या पावतीची तक्रार असेल. तक्रार नव्हती. नोकरीतलं काही लिहा म्हणत होते. लिहितो, पण गोडधोड होणार नाही. त्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त काय भेटलं असेल, तर भय. लोकांना माझं, आणि मला लोकांचं.

मी धुळ्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथी ओलांडली नव्हती. मी बी.ए. झालो. हे मी अभिमानाने सांगतो, कोणाला टोचलं तरी सांगतो. जळगावच्या म्युनिसिपालिटीत जकात इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि पहिला पगार घेऊन गावी गेलो, तेव्हा आईने विचारलं, "तू कलेक्टर व्हयना का रे भाऊ?" मी म्हटलं, नाही, जकातीत लागलो. ती म्हणाली, सावलीत बसायला मिळतं ना, मग झालं.

आता जकात म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी दोन शब्दांत सांगतो. शहराच्या हद्दीत वापरायला म्हणून जो माल बाहेरून येईल, त्यावर म्युनिसिपालिटी कर घेई. रस्त्यावरचे कंदील आणि गटारं त्यावर चालत. गाडी नाक्यावर थांबायची, नाकेदार बीजक म्हणजे मालाच्या किमतीचा कागद बघायचा आणि पावती फाडायचा. माल शहरात राहणारच नसेल, नुसता हद्दीतून पार व्हायचा असेल, तर तो उघडायचा नाही. दोरीच्या गाठीला शिशाचं सील ठोकायचं, बरोबर शिपाई द्यायचा, आणि पलीकडच्या नाक्यावर सील शाबूत पाहून सोडून द्यायचं. याला आम्ही 'रहदारी' म्हणायचो. हा शब्द ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं, त्यात घोळ केला तो कॅटलॉगांनी. कलकत्ता, लाहोर, अलीगड, कुठकुठच्या कंपन्यांचे सचित्र कॅटलॉग खेडोपाडी येऊ लागले. घड्याळं, पेट्या, कुलपं, केसांची तेलं, ताकदीच्या गोळ्या. एक पोस्टकार्ड टाकायचं, माल व्ही.पी.ने यायचा, पोस्टात पैसे मोजून सोडवून न्यायचा. टपालाची थैली आमच्या नाक्यावर थांबत नसे. सरकारी टपाल अडवायची आमची काय छाती? म्हणजे झालं असं, की बाजारातल्या दुकानातून घेतलेल्या घड्याळावर जकात बसलेली, आणि तेच घड्याळ कलकत्त्याहून मागवलं तर बिनजकातीचं. दुकानदार खवळले. त्यांच्या वतीने बोलणारे मगनशेठ म्हणून कटलरीचे व्यापारी होते. उंच, सडपातळ, डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याचा माल बघणारे. ते म्युनिसिपालिटीच्या कमिटीपुढे म्हणाले होते, "आम्ही दुकानाचं भाडं भरतो, जकात भरतो, गणपतीला वर्गणी देतो. कलकत्त्याचा माणूस या गावाला काय देतो? एक कॅटलॉग." बोलणं चुकीचं नव्हतं. आज दुसऱ्या प्रांतातून मागवलेल्या मालाच्या विक्रीकरावरून जी भांडणं वर्तमानपत्रांत वाचतो, ती मी पोस्टासमोरच्या निंबाखाली तेव्हाच ऐकून बसलो आहे.

निंबाखाली म्हणण्याचं कारण, कमिटीने ठराव करून माझं मेज तिथेच लावलं. पोस्टमास्तर आवारात येऊ देईनात, म्हणून फाटकाच्या बाहेर. जो कोणी पार्सल घेऊन बाहेर पडेल त्याने मेजावर ठेवायचं, माझ्यासमोर उघडायचं, जकात भरायची आणि जायचं. माझ्याआधीच्या इन्स्पेक्टरवर चिरीमिरीचा बोभाटा झाला होता, म्हणून मगनशेठच्या सांगण्यावरून आणखी एक नियम केला. तो नियम मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. पार्सलात जे निघेल ते आणि त्याची किंमत शिपायाने मोठ्याने पुकारायची, आणि उभ्या असलेल्या कोणाही माणसाला किंमत कमी लावली असं वाटलं तर त्याने तिथल्या तिथे 'हरकत' म्हणायचं. हरकत आली की माल पुन्हा सगळ्यांसमोर तपासायचा.

मला तो नियम आवडला होता. ज्याच्या बापाचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याच्यापाशी स्वतःच्या नावाशिवाय काय भांडवल असतं? पुकारा झाला की माझ्यावर बोट दाखवायला जागा नाही.

पुकारा करायला भिला शिपाई. त्याचा आवाज असा, की पोस्टात तिकीट चिकटवणारा माणूस दचकायचा. आणि हळूहळू लोकांना त्या पुकाऱ्याची गोडी लागली. दुपारी डाक वाटली जायच्या वेळेला निंबाखाली रिकामटेकडे जमायला लागले. एका नामांकित वकिलांचा केसांचा कलप पुकारला गेला. त्यांचे पक्षकार दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडाकडे न बघता डोक्याकडे बघू लागले. गावठी मुळ्यांशिवाय कशाला हात लावत नाही म्हणणाऱ्या वैद्यांच्या पार्सलातून विलायती सारक गोळ्या निघाल्या. लोक हसायचे. मीही हसलो असेन. पण मेजाच्या या बाजूला बसलं की रांगेतली तोंडं दिसतात. ती हसत नसायची. पार्सल छातीशी धरून, ओठ चाटत, पुढच्याचा नंबर कधी संपूच नये अशी उभी असायची. ज्याच्या पार्सलात साधी कात्री आहे तोही घामाघूम व्हायचा. भिलाच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं म्हणजे कचेरीत शिक्षा ऐकल्यासारखं.

भय माझ्याही वाट्याला आलं. एकदा एका पार्सलातून टकटक असा आवाज येऊ लागला. ते दिवस असे होते, की बाँबच्या बातम्या येत. कोणीतरी तो शब्द नुसता तोंडात घोळवला आणि निंबाखाली एक माणूस उरला नाही. मगनशेठ तर पोस्टाच्या पायऱ्या चढून आत. नियमाप्रमाणे मला पळता येत नव्हतं. मी सुतळी कापली. निघालं गजराचं घड्याळ. भिलाने भिंतीमागून पुकारा केला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी जाऊन पडून राहिलो.

पण ते भय घटकाभराचं. खरं भय एका वैशाखात आलं, आणि ते माझ्या मास्तरांच्या पार्सलातून.

मास्तरांचं नाव लिहीत नाही. घराणं आहे, नातवंडं आहेत. मला खेड्यातून उचलून जळगावच्या हायस्कुलात घालणारे ते, इंग्रजी शिकवणारे ते, आणि कॉलेजला जाताना माझ्यासाठी गावातल्या चार दारांत जाऊन उभे राहणारेही तेच. गावातल्या निम्म्या लिहित्या हातांना त्यांनी वळण लावलेलं. त्या दिवशी ते रांगेत दिसले. वैशाखातलं ऊन, आणि अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट. मी उठून नमस्कार केला, पुढे या म्हटलं. ते आले नाहीत. उलट मागून येईल त्याला पुढे जाऊ देत शेवटी सरकत राहिले. सगळे गेले तरी बघे काही गेले नव्हते, मगनशेठ निंबाला टेकून उभेच होते. शेवटी मास्तरांना मेजापाशी यावं लागलं.

पार्सल मी हातात घेतलं. आतली एखादी बाटली वाटेत गळली असावी. गोणपाटाला तेल फुटलं होतं आणि बोटांना लागलं. त्याचा वास आला.

तो वास मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या गावाबाहेर नाल्यापलीकडे एका माणसाला झोपडी घालून दिली होती. त्याला भाकरी लांबून दगडावर ठेवायची. मिशनचे लोक त्याला एक तेल देऊन जायचे, कडू कवठीचं. वाऱ्याची दिशा बदलली की तो वास गावात यायचा आणि आई आम्हाला घरात ओढायची. महारोगाचं तेल. दुसऱ्या कशालाही तसा वास नाही.

मी वर पाहिलं. मास्तर माझ्याकडेच बघत होते. ओठ जेमतेम हलले. "दामू, उघडू नकोस."

मगनशेठ दोन पावलं पुढे आले. त्यांना तेल फुटलेलं दिसलं होतं. सुगंधी तेलावर जकात जास्त, आणि लोक साधं तेल म्हणून सांगतात, हे त्यांना पाठ होतं. ते अगदी नम्रपणे म्हणाले, साहेब, बूच काढून नाकाला लावलं की कळेल, साधं आहे की भारी.

त्या क्षणाला मी कोणाला जास्त भ्यालो, हे आजही सांगता येत नाही. मगनशेठला, मास्तरांच्या नजरेला, की माझ्या बोटांवरच्या त्या तेलाला. नोकरी गेली तर गावाकडचं सगळं घर माझ्या पगारावर होतं. पण डोकं चाललं. परीक्षेत घाबरल्यावर जसं एकदम नको ते पान आठवतं, तसं नियमाचं एक कलम आठवलं. मी मास्तरांना विचारलं, बीजक आहे का? ते गोंधळले. नाही म्हणाले. मी आवाज चढवून म्हटलं, बीजक नसेल तर माल आज उघडता येत नाही. उद्या बीजक आणा. आणि पार्सल माझ्या लाकडी पेटीत टाकून कुलूप लावलं. मगनशेठ म्हणाले, बीजक नसेल तर नजरेने किंमत लावतातच की साहेब. मी म्हटलं, एक दिवसाची मुदत दिल्यावर लावतात, शेठ. नियम तुमच्याच कमिटीचा आहे. ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

सुटी झाल्यावर मी नळावर जाऊन हात मातीने घासले. नंतर राखेने घासले. बोटं लाल झाली तरी वास गेला असं वाटेना.

संध्याकाळी मास्तर मला मेहरूणच्या तळ्याच्या वाटेवर भेटले. मीच निरोप धाडला होता, घरात बोलता येणार नाही म्हणून. ते माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालत होते. मी जवळ गेलो की ते सरकायचे. त्यांनी सगळं सांगितलं. पाठीवर, खांद्याच्या खाली, एक चट्टा. सुई टोचली तरी कळत नाही. मुंबईच्या डॉक्टरने पाहून सांगितलं होतं, पसरणारा प्रकार नाही, शाळा सोडायचं कारण नाही, तेल चोळा आणि थोडं पोटात घ्या. इथल्या दुकानातून घ्यावं तर दुकानदाराला कळणार, म्हणून कलकत्त्याहून मागवलेलं.

"घरात माहीत आहे?"

"कोणालाच नाही. मी वेगळा जेवतो, वेगळा निजतो, माझं भांडं मीच घासतो. म्हातारपणी सोवळं सुचलं, असं सगळे समजतात. बायको थट्टा करते."

मग मुलीचं सांगितलं. धाकटी. चोपड्याकडच्या एका सधन घरात ठरली होती. कापूस, केळीच्या बागा, माणसं सरळ. पुढच्या वैशाखात लग्न. हे कानावर गेलं तर लग्न तर मोडेलच, थोरली जी नांदते आहे तीही परत येईल.

ते थांबले आणि तळ्याकडे बघत म्हणाले, "रोगाने मरायला मी भीत नाही, दामू. तुझ्या त्या भिलाच्या आवाजाला भितो."

पुकारा न करता सोडावं तर मगनशेठ उभा. खोटं नाव पुकारावं तर तो बूच उघडायला लावणार. आम्ही नाका ओलांडून पुढे गेलो होतो, एका बोरीच्या मळ्याच्या बांधाला. मागे वळून नाक्याचा आडवा बांबू पाहिला, आणि मला रहदारी आठवली. जो माल हद्दीत राहायचाच नाही तो उघडायचा नाही.

मी बोललो. मास्तरांना शिकवायला लागलं नाही, वाक्य पुरं व्हायच्या आत समजले. पण त्यांनी एक अट घातली. माल एकदा बाहेर गेला की बाहेरच राहील. चोरून आत नेणार नाही. "जकात चुकवली असं तुला कोणी म्हणता कामा नये," म्हणाले. मी म्हटलं, मग औषध घ्यायचं कुठे? त्यांनी त्या मळ्याकडे नुसतं पाहिलं.

मळा नथ्थूआबांचा. म्हातारा एकटाच राखणीला असायचा. मास्तरांनी विचारलं, एक पेटी तुमच्या खोपीत ठेवली तर चालेल का. नथ्थूआबा म्हणाले, "ठेवा ना मास्तर. आठे कोण येस? जागा काय मनी शे, बठ्ठी देवनी शे." म्हणजे जागा माझी कुठली, सगळी देवाची. पेटीत काय, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मेजावर मी माल हद्दीबाहेरचा म्हणून लिहिला, गाठीला शिसं ठोकलं, आणि भिला पार्सल घेऊन मास्तरांच्या मागोमाग नाक्यापर्यंत गेला. पुकारा नाही. मगनशेठ पार्सल दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

तेव्हापासून मास्तर रोज पहाटे फिरायला जाऊ लागले. प्रकृतीची काळजी घेतात म्हणून लोक कौतुक करत. पाऊस असो, थंडी असो, नाका ओलांडून जायचे आणि रिकाम्या हातांनी परत यायचे. नाकेदार रोज झोळी बघायचा, कारण मीच तसं सांगून ठेवलं होतं, मास्तरांच्याच म्हणण्यावरून. शहराला जकात हवी होती म्हणून एक माणूस रोज शहराबाहेर जाऊन औषध घेत होता. कायद्याला हे चालत होतं. मी कायद्याचा पदवीधर नाही, पण हे कसं काय चालतं, असं वाटायचं.

अधूनमधून नवं पार्सल यायचं आणि सील होऊन जायचं. ते आलं की माझी झोप उडायची. आणि आंघोळीच्या वेळी मी दार लावून हातपाय, दंड, पाठ आरशात तपासू लागलो. कुठे पांढुरका डाग दिसला की चिमटा घेऊन बघायचो, दुखतं का. दुखलं की बरं वाटायचं.

बोरं लागायच्या दिवसांत मगनशेठ एका सकाळी माझ्या दारात उभे. आत आले नाहीत. म्हणाले, साहेब, मास्तरांचं पार्सल दर खेपेला बंद जातं. हद्दीबाहेर त्यांचं ना घर, ना पाहुणा. सकाळी जातात, परत येतात. गुरू आहेत तुमचे, मला मान्य आहे. पण उद्या अध्यक्षांकडे मी अर्ज केला तर तुम्हाला जड जाईल. त्यापेक्षा आत्ता माझ्याबरोबर त्यांच्या वाटेने चला. माल तिथे असेल तर मी माफी मागेन, नसेल तर तुम्ही नोकरी सोडा.

नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मास्तरांना पुढे निरोप धाडायलाही सवड नव्हती. आम्ही निघालो. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज त्यांना ताप असू दे, आज ते आलेले नसू देत. नाकेदाराने सांगितलं, मास्तर आत्ताच पुढे गेले.

मळ्यात बोरींच्या आड ते पाठमोरे बसले होते. कोट फांदीला टांगलेला. पाठ उघडी. त्या चट्ट्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून बोरीच्या काठीला चिंधी बांधून, ती तेलात बुडवून, खांद्यावरून मागे नेऊन ते चोळत होते. दर खेपेला काठी चुकायची, पुन्हा न्यायचे. मग वाटीतलं थोडं तेल प्यायले, आणि पालथी मूठ तोंडावर दाबून बराच वेळ वाकून राहिले. पोटात ठरत नव्हतं.

मगनशेठचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. वास आमच्यापर्यंत आलाच होता. पायाखाली वाळकी काटकी मोडली, आणि मास्तरांनी वळून पाहिलं.

त्यांनी घाईने कोट ओढला नाही. आम्हा दोघांना पाहिलं, आणि त्यांना वाटलं आम्ही जकातीसाठी आलो आहोत. उघड्या अंगाने उठून त्यांनी पेटीचं झाकण वर केलं.

"बाटल्या इथेच आहेत, दामू. बघून घ्या. एक थेंब आत नेलेला नाही."

मगनशेठ वळले आणि चालू लागले. मी त्यांच्या मागे. वाटेत एका विहिरीवर मोट चालू होती. तिथे थांबून त्यांनी हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली, आणि पुन्हा हात धुतले. मळ्यात त्यांनी कशाला स्पर्शही केला नव्हता. मी म्हटलं, शेठ, मुलीचं लग्न आहे. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"माझी दोन्ही पोरं त्यांच्या वर्गात बसली. चार वर्षं. त्यांच्या हातचा खडू घेऊन फळ्यावर लिहिलं. मी तोंड उघडलं तर लोक आधी कोणाच्या घराकडे बघतील? थोरल्याची बोलणी चालू आहेत, साहेब. तुम्ही बिनघोर राहा. तुमच्यापेक्षा मी जास्त भ्यालोय."

मी बिनघोर राहिलो नाही. दयेवर माणूस भरवसा ठेवू शकतो. भयावर कसा ठेवणार? आज एका गोष्टीला भिऊन गप्प बसलेला माणूस उद्या दुसऱ्या गोष्टीला भिऊन बोलतो. मेजापाशी ते रोज येत. पूर्वीसारखे निंबाला टेकत. मास्तरांचं पार्सल आलं की तोंड फिरवून रस्त्याकडे बघत. कोणीतरी एकदा थट्टेने विचारलं, शेठ, हे बंद पार्सल तुम्हाला कसं चालतं? ते म्हणाले, मी जाऊन पाहिलंय, माल बाहेरच राहतो. त्यानंतर कोणी विचारलं नाही. पण संध्याकाळी दुकानात गिऱ्हाइकांशी ते काय बोलत असतील, या विचाराने मी रस्ता बदलून त्यांच्या दुकानावरून जाऊ लागलो. आत चार माणसं हसताना दिसली की मी कान देऊन थांबायचो.

पुढचं सांगायच्या आधी हे सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला घोर नको. मास्तर त्यानंतर पुष्कळ जगले. चट्टा वाढला नाही, कोणाला काही झालं नाही. महायुद्धाच्या धामधुमीत ते मेजही निंबाखालून उठलं. आता तर म्हणतात, या रोगावर गोळ्या निघाल्या आहेत आणि डॉक्टर आपल्या हाताने रोग्याचा हात धरून बघतात. तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं?

लग्न वैशाखात लागलं. मांडवात मी मुलीकडचाच. गोरज मुहूर्त उत्तम साधला, आणि पंगती बसल्या. पहिली पंगत व्याह्यांची. मलाही पदवीधर म्हणून त्यांच्याच रांगेत बसवलं. पानावर बुंदीचा लाडू, वरणबट्टी, वांग्याची भाजी. मगनशेठ जेवणारे नव्हते, पण आले होते. पानसुपारीच्या तबकाजवळ बसून होते. ते का आले, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

आमच्याकडे रीत अशी, की मुलीच्या बापाने पंगतीत फिरून आग्रह करायचा आणि व्याह्याला स्वतःच्या हाताने लाडू भरवायचा. त्याशिवाय पंगत उठत नाही. मास्तर मांडवाच्या खांबापाशी हात जोडून उभे होते, तिथून हलेनात. त्यांच्या भावाने आग्रह केला, मेहुण्याने केला. नवऱ्या मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, हसतमुख माणूस. त्यांनी आधी हसत हाक मारली. मग जरा थांबून पुन्हा मारली. तिसऱ्या खेपेला हसू नव्हतं.

"व्याही, आमचं काही चुकलं का? तुमच्या हातचा घास आम्हाला चालत नाही, की आमच्या तोंडात घालायला तुम्हाला चालत नाही?"

रांगेतले हात थांबले. मास्तर खांबापाशी पांढरेफटक. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कोटाच्या बाहीत शिरली होती. कोणीतरी मागे कुजबुजलं, की मास्तर हल्ली कोणाला शिवतच नाहीत, घरातही. ते शब्द रांगेतून सरकत जाताना मला दिसत होते. मला उठायचं होतं. काहीतरी बोलायचं होतं. बी.ए. झालेला माणूस, एक वाक्य सुचेना.

तबक खाली ठेवल्याचा आवाज आला. मगनशेठ उठून मांडवाच्या मध्यभागी आले आणि भिलाला लाजवील अशा आवाजात म्हणाले,

"आबा, मास्तर स्वतः सांगणार नाहीत, मी सांगतो. सप्तशृंगीला नवस आहे त्यांचा. मुलीचं चांगल्या घरी जमलं तर वर्षभर सोवळ्यात राहीन, कोणाला हाताने वाढणार नाही. बोलले तेव्हा मी समोर होतो. तुमच्या घरासाठीच केलेला नवस आहे, आता तुम्हीच मोडायला लावता?"

आबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि ते बोललेही नाहीत. मान खाली घालणं एवढंच त्यांच्याकडून झालं. आबांचा चेहरा सैल झाला, ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आईना नवस शे, मंग आमनं काय म्हननं? आधी सांगतस नही का, व्याही." आणि स्वतःच्या पानावरचा लाडू स्वतःच उचलून तोंडात घातला. रांगेत पुन्हा हात चालू लागले. मास्तरांच्या भावाने वाढप्यांना हाक मारली.

मगनशेठ माझ्या पाठीमागून पानसुपारीकडे परत चालले होते. माझ्याजवळ थांबले, वाकले, जणू काही वाढायला हवं का विचारताहेत. कानाशी म्हणाले, "साहेब, पुकारा खोटा होता. हरकत घ्यायची असेल तर आत्ताच घ्या."

माझ्या पानावरचा लाडू तसाच होता. मी तो फोडला आणि खाऊ लागलो.